मोठ्या माणसाचा वाढदिवस थीम पार्कात: कोकणातून निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातून निघून घरातल्या कुणा मोठ्या माणसाचा वाढदिवस थीम पार्कात करायचा असेल तर त्यांच्यासाठी हे लिहिलंय. नात्यात, ऑफिसात, भिशीत हेच प्रश्न फिरून फिरून येतात म्हणून उत्तरं एका जागी आणली. मी चिपळूणची, त्यामुळे रस्त्याचा हिशोब चिपळूणपासून धरलाय, तुम्ही आपापल्या गावाप्रमाणे मागेपुढे करा. एक गोष्ट आधीच सांगते कारण खाली ती परत परत येणार आहे: ज्याचा वाढदिवस, त्याला त्या दिवशी काहीही काम नको. पिशव्या सांभाळणं नाही, पोरांना बाथरूमला नेणं नाही, सगळ्यांचं जेवण ठरवणं नाही. हे जमणार नसेल तर पार्कात जाऊन उपयोग नाही, घरीच शेवयांची खीर करा.

थीम पार्क पोरांसाठी असतो ना? चाळिशी-पन्नाशीच्या माणसाने तिथे जाऊन काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेक वेळा ज्याचा वाढदिवस असतो तोच विचारतो, कारण मनातून जायचं असतं पण लोक काय म्हणतील वाटतं. वॉल्ट डिस्ने लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात मुलींना मेरी-गो-राउंडवर बसवायला न्यायचा आणि स्वतः बाकावर बसून राहायचा, मोठ्यांना करण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. त्या बाकावर त्याच्या डोक्यात आलं की आईबाप आणि पोरं एकत्र मजा करतील अशी एखादी जागा पाहिजे. ती जागा म्हणजे डिस्नेलँड, १९५५ च्या जुलैत उघडलं, तेव्हा तो ५३ वर्षांचा होता. म्हणजे ही अख्खी कल्पनाच एका कंटाळलेल्या मोठ्या माणसाला सुचलेली आहे.

आणि जरा राइडकडे बघा. सगळ्यात मोठ्या, सगळ्यात वेगाच्या राइडवर उंचीची अट असते, लहान पोरांना तिथे सोडतच नाहीत. त्या मोठ्यांसाठीच बांधल्यात. आमच्या मालवणच्या नात्यातल्या एक आजी सुनेला म्हणाल्या होत्या, "ह्या वयात पाळण्यात बसान काय करतलस?" सून गेली, बसली, आली, आणि पुढे कित्येक दिवस त्याच आजी शेजारणीला सुनेच्या धाडसाचं वर्णन करत होत्या.

कोकणातून जवळचा पार्क कुठला?

इमॅजिका, खोपोलीजवळ, आणि तो रायगड जिल्ह्यातच येतो म्हणजे तसा आपलाच. २०१३ मध्ये सुरू झाला, मनमोहन शेट्टींनी उभा केला, २०२२ पासून मालपाणी ग्रुपकडे आहे. थीम पार्क आणि वॉटर पार्क शेजारी शेजारी आहेत पण तिकिटं वेगळी, आणि खरं सांगायचं तर दोन्ही एका दिवसात उरकायला गेलात तर एकही धड होत नाही.

बऱ्याच जणांना वाटतं की आधी पनवेलला जायचं, मग एक्सप्रेसवे धरायचा. मुंबई-पुण्याच्या लोकांसाठी ते ठीक, आपण दक्षिणेकडून येतो. मुंबई-गोवा हायवेने माणगाव, कोलाड करत वाकण फाट्यापर्यंत यायचं, तिथून उजवीकडे पालीचा रस्ता, आणि पालीवरून पुढे खोपोलीकडे जाताना त्याच रस्त्यावर इमॅजिका लागतं. पनवेलचं ट्रॅफिक नाही, एक्सप्रेसवेचा टोल नाही, आणि वाटेत बल्लाळेश्वराचं दर्शन होतं. कशेडीचा बोगदा झाल्यापासून घाटाची वळणंही वाचतात. चिपळूणहून चहापाणी धरून चार-पाच तास मोजा, पावसाळ्यात त्याहून जास्त.

आणि एस्सेलवर्ल्ड? आम्ही लहानपणी बोटीने गेलो होतो.

गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ चं, चाकरमान्यांच्या घरी मे महिन्यात राहायला गेलेल्या आपल्या पिढीची कितीतरी पोरं तिथे गेलीयत, त्यामुळे ज्यांची चाळिशी-पंचेचाळिशी येते त्यांना पहिलं तेच आठवतं. पण ते २०२२ मध्ये बंद झालं. त्याच्या शेजारचं वॉटर किंगडम १९९८ चं, पाण्यातच खेळायचं असेल आणि मुंबईत कुणाकडे मुक्काम असेल तर तिकडे जा. जाताना बोट आहेच, ती बोट ज्याला आवडते त्याच्यासाठी अर्धा वाढदिवस तिथेच होतो.

आम्ही सावंतवाडीचे, आम्हाला खोपोली लांब पडतं.

पडतंच. तुम्ही मुंबईकडे बघण्यापेक्षा खाली बघा. आंबोलीतून बेळगाव, तिथून हायवेने बेंगळुरू, म्हैसूर रस्त्यावर बिडदीजवळ वंडरला आहे, २००५ चा पार्क, जमिनीवरच्या आणि पाण्याच्या राइड एकाच तिकिटात. रात्रीच्या स्लीपर बसने जाता येतं. किंवा उत्तर गोव्यातलं मोपा विमानतळ जानेवारी २०२३ ला सुरू झाल्यापासून दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीच्या लोकांना विमान दाराशी आलंय. बेंगळुरू, हैदराबाद हे दोन्ही तिथून जमतं. हैदराबादला गेलात तर वंडरला पण आहे आणि रामोजी फिल्म सिटी पण, ज्याला जोरात फिरणाऱ्या राइड नकोत पण सिनेमाची आवड आहे अशा माणसाला फिल्म सिटीच न्या.

वाढदिवस ज्या तारखेला आहे त्याच दिवशी जायला पाहिजे का?

नाही. घरी औक्षण तारखेला करा, किंवा तुमच्याकडे तिथीने करत असतील तर तिथीला, पार्क आठ-पंधरा दिवस मागेपुढे गेला तरी काही बिघडत नाही. आपल्याकडे वर्षाचं गणित सुट्ट्यांवर चालत नाही, पिकावर आणि सणावर चालतं, त्यामुळे घराप्रमाणे बघा.

ज्यांच्या आंब्याच्या बागा आहेत त्यांना मोहोर-फवारणीपासून मेअखेरपर्यंत डोकं वर काढता येत नाही. त्यांनी दिवाळीनंतरचा नोव्हेंबर धरावा. भातवाल्यांना लावणीत आणि कापणीत विचारूच नका. मच्छीमारांच्या घरात उलटं, १ जूनपासून मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हाच घरातला पुरुष माणूस मोकळा असतो, मग पावसात का होईना पण जूनमध्येच जावं. गणपती आणि शिमग्याला कोकणातला माणूस घर सोडून कुठे जात नाही, आणि ज्याला जायचंय त्याला गाडीत जागा मिळत नाही, तो विषय संपला.

वार मात्र मधला घ्या, मंगळवार-बुधवार-गुरुवार. शनिवार-रविवार, दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नवीन वर्ष हे दिवस टाळा. एका राइडला तास तास रांगेत उभं राहून पन्नाशीच्या माणसाचा मूड जातो. मे महिन्यात ऊन इतकं असतं की दुपारी उघड्यावरच्या राइडची सीटसुद्धा तापते, तेव्हा वॉटर पार्क घ्या.

पावसाळ्यात पार्क चालू असतो का?

असतो. जोराचा पाऊस किंवा विजा असतील तर उघड्यावरच्या राइड थांबवतात, थांबला की परत सुरू करतात. आतल्या राइड मात्र चालूच राहतात, आणि इमॅजिकात छपराखाली बरंच काही आहे. डीप स्पेस हा अंधारातला रोलर कोस्टर, सलीमगढची भुताटकी, अलिबाबाची राइड, आणि आय फॉर इंडिया, ज्यात पाय लोंबकळत ठेवून मोठ्या पडद्यासमोर बसवतात आणि आपण देशावरून उडत चाललोय असं वाटतं. पावसात गर्दी कमी, हवा गार, खोपोलीच्या डोंगरांवर सगळीकडे पाणी पडत असतं. आपल्याला पावसाचं काय नवल नाही, पण रस्त्याचं टेन्शन असतं, म्हणून पावसाळ्यात रात्रीचा प्रवास ठेवू नका. रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात, तेही बघून घ्या.

ट्रेनने जायचं की गाडी करायची?

चार माणसांपर्यंत असाल आणि रत्नागिरीच्या खालून येत असाल तर ट्रेन बरी. पनवेलला उतरायचं, तिथून टॅक्सी. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, आधी १२० होतं ते नोव्हेंबर २०२४ पासून बदललं, तेव्हा वाढदिवसाची तारीख माहीत असताना दोन महिने आधी सकाळी ८ वाजता मोबाईल घेऊन बसणं एवढं एकच काम आहे. सहा-सात जण असाल तर गाडी करा, आणि ड्रायव्हर ठेवा. ज्याचा वाढदिवस आहे त्यालाच गाडी चालवायला लावणारी घरं मी बघितलीयत, तो माणूस पोचतो तेव्हा दमलेला आणि परत निघायच्या काळजीत.

एका दिवसात जाऊन येता येईल का?

अलिबाग-पेण-रोह्याच्या लोकांना येईल. बाकीच्यांनी दोन मुक्काम धरावेत, आदल्या रात्री पोचायचं आणि पार्क झाल्यावर त्या रात्री तिथेच झोपायचं. पार्कला लागूनच हॉटेल आहे, ते महाग वाटलं तर खोपोलीत, पालीत साधे लॉज आणि घरगुती राहायची सोय मिळते. पार्क उघडताना दाराशी असणं हे सगळ्यात महत्त्वाचं, पहिल्या दीड-दोन तासात जेवढ्या मोठ्या राइड होतात तेवढ्या नंतर दुपारभरात होत नाहीत.

आईला साठ पूर्ण होतायत. साठी शांत करायची आहे, पण तिला पार्क पण बघायचाय. दोन्ही कसं जमवू?

छान जमतं. घरची शांत, होम, गोतावळ्याचं जेवण हे त्या त्या मुहूर्तावर घरी करा, त्यात पार्क घुसवू नका. नंतर आठवड्याने आईबाबांना घेऊन निघा. पहिल्या दिवशी पालीचा बल्लाळेश्वर, आणि खोपोलीजवळच्या महडचा वरदविनायक, हे दोन्ही अष्टविनायकातले आणि पार्क या दोन्हींच्या मधोमध. (महाडशी गोंधळ करू नका, सावित्रीकाठचं महाड वेगळं, हे महड खालापूर तालुक्यातलं.) दुसरा पूर्ण दिवस पार्कात.

साठीच्या आईला काय झेपेल हे तुम्ही परस्पर ठरवू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. मुलं आधीच ठरवून टाकतात की आई ह्यात बसणार नाही, आई त्यात बसणार नाही, आणि आई पर्स मांडीवर घेऊन बाकावर. तिला राइड लांबून बघू द्या, लोक उतरताना त्यांचे चेहरे बघू द्या, मग विचारा. नाही म्हणाली तर आग्रह नको. सुरुवात आय फॉर इंडियापासून करा, मग मेरी-गो-राउंड, मग राजासॉरसची होडी, त्यात डायनासोर आहेत आणि शेवटी खाली घसरताना अंगावर पाणी येतं. राजासॉरस हा खराखुरा आपल्या देशातला डायनासोर होता बरं का, नर्मदेच्या खोऱ्यात त्याची हाडं सापडली, आजोबांना हे सांगितलं की त्यांना त्या राइडमध्ये जास्त रस येतो. संध्याकाळची परेड चुकवू नका, जागा जरा आधी पकडा म्हणजे आईला बसून बघता येईल.

गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर मिळते का हे आधी फोन करून विचारा. घ्यायला लाजू नका. दिवसभरात पार्कात भरपूर चालणं होतं.

बीपी आहे, पाठीचं दुखणं आहे. बसू का?

हृदयाचा त्रास, अँजिओप्लास्टी झालेली, बीपी ताब्यात नसणं, मान-पाठीची गादी सरकलेली, नुकतंच ऑपरेशन, फिट्स, गरोदरपण, ह्यातलं काही असेल तर मोठ्या राइड नाहीत. प्रत्येक राइडच्या दाराशी पाटी असते, ती वाचा आणि ती आपल्यासाठी आहे असं समजून वाचा. बीपी गोळीवर व्यवस्थित आहे अशा लोकांनी निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना नाव घेऊन विचारावं, की रोलर कोस्टरमध्ये बसू का, नुसतं फिरायला जाऊ का असं विचारलंत तर ते हो म्हणणारच. डायबेटिस असेल तर गोळ्या, इन्सुलिन, ग्लुकोज जवळ ठेवा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा म्हणजे गेटवर बॅग तपासताना वाद होत नाही.

वजन जास्त आहे, सीटमध्ये मावेन का ही भीती वाटते.

ही भीती बोलून दाखवायला लोक लाजतात, म्हणून वेगळा प्रश्न घेतला. मोठ्या कोस्टरमध्ये खांद्यावरून किंवा मांडीवर जो दांडा येतो तो ठराविक खाचेपर्यंत लागलाच पाहिजे, नाही लागला तर माणसाला उतरवतात, त्यात अपमान काही नाही, सुरक्षेचा प्रश्न आहे. पण वाढदिवसाच्या दिवशी सगळ्यांसमोर उतरायला लागलं तर मनाला लागतं. काही मोठ्या राइडच्या बाहेर नमुन्याची सीट ठेवलेली असते, रांगेत उभं राहण्याआधी तिथे बसून बघा. नसेल तर तिथल्या कर्मचाऱ्याला हळूच विचारा, त्यांना नजरेने अंदाज येतो. आणि सोबतच्यांनो, ह्यावर एकही विनोद करू नका. एकही.

नायट्रोबद्दल सगळे बोलतात, ते नक्की काय आहे?

इमॅजिकातला रोलर कोस्टर, पायाखाली फळी नसलेला. म्हणजे पाय हवेत लोंबकळतात आणि तशातच पाच वेळा उलटं व्हायचं. पहिल्यांदाच बसत असाल तर मधली ओळ घ्या. पुढच्या ओळीत समोरचं सगळं दिसतं, आणि मागच्या ओळीत ओढ जास्त लागते, कारण गाडीचा पुढचा भाग आधीच उताराला लागलेला असतो आणि तो मागच्यांना शिखरावरून खाली खेचतो. डोकं मागे टेकवून ठेवा, दात घट्ट आवळू नका, श्वास रोखू नका, ओरडावंसं वाटलं तर पोटातून ओरडा, ओरडताना श्वास आपोआप सुटतो. आमच्या वहिनीने चाळिसाव्या वाढदिवसाला पहिल्यांदा त्यात बसून जी आरोळी ठोकली ती आम्ही खालून ओळखली, आणि उतरल्यावर ती म्हणाली की लग्न झाल्यापासून एवढ्या मोठ्याने बोललेच नव्हते मी.

मला गाडी लागते. मळमळ होईल का?

घाटात गाडी लागते त्यांना काही राइडमध्येही त्रास होतो, कारण एकच: कानाच्या आतला तोल सांगतो एक आणि डोळ्यांना दिसतं दुसरंच. म्हणून पडद्यासमोर हलणाऱ्या सीटच्या राइड आणि गोल गोल फिरणाऱ्या राइड जास्त त्रास देतात, रोलर कोस्टर त्या मानाने कमी, कारण तिथे जे दिसतं तेच अंगाला जाणवतं. पडद्याच्या राइडमध्ये मळमळायला लागलं की डोळे मिटा. अगदी उपाशी बसू नका, तुडुंब जेवूनही नको, सकाळी दोन घावणे नाहीतर थोडे पोहे बास. आलेपाक खिशात ठेवा. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून आणि राइडच्या आधी, नंतर घेऊन काही होत नाही. ह्या गोळ्यांनी झोप येते हे लक्षात ठेवा, नाहीतर बर्थडे गर्ल परेडच्या वेळी झोपलेली.

कपडे आणि दागिने?

साडी नको. पदर, ओढणी, लांब बाही, सैल काहीही नको. ज्या काकूंना साडीशिवाय सवय नाही त्यांनी महिनाभर आधीपासून घरात पंजाबी ड्रेस घालून बघावा, ऐन दिवशी अवघडल्यासारखं होत नाही. पायात पट्ट्याची चप्पल किंवा बूट. मंगळसूत्र काढायला मन घेत नसेल तर छोटं, गळ्यालगतचं घालून जा आणि आत सारून ठेवा, लांब वाट्यांचं घरी ठेवा. चष्म्याला मागून दोरी, कानाचं मशीन काढून पाकिटात, कवळी असेल तर मोठ्या राइडआधी तीही काढा. मोबाईल शर्टच्या वरच्या खिशात ठेवून बसणारे अजून आहेत. लॉकर भाड्याने मिळतो, तो एक घ्याच, म्हणजे पिशव्या सांभाळायला माणूस ठेवावा लागत नाही.

वॉटर पार्कात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉन-लायक्राचा कॉस्च्यूम लागतो, तिथे भाड्याने मिळतो पण आपल्या मापाचा आधीच घेतलेला बरा. पूर्ण बाह्यांचे, गुडघ्याखाली येणारे पण असतात.

पाळी आली तर?

थीम पार्कात काही अडचण नाही, पॅड जास्त ठेवा आणि पहिल्या दिवसाचा त्रास होत असेल तर दुपारी हॉटेलवर जाऊन पडा. वॉटर पार्क असेल तर तारीख ठरवतानाच हे बघा. म्हणूनच बाईमाणसाला सरप्राइज देणार असाल तर तारीख तिच्या बहिणीला नाहीतर मैत्रिणीला विचारून ठरवा.

सरप्राइज द्यावं का?

माझं मत, नाही. मोठ्या माणसाला रजा काढायची असते, गुरांचं, कोंबड्यांचं, म्हाताऱ्या सासऱ्यांच्या जेवणाचं बघायचं असतं, ह्या सगळ्याची सोय होईपर्यंत त्याचा जीव रमत नाही. शिवाय वाट बघण्यातही मजा असते आणि ती हक्काची मजा तुम्ही काढून घेताय. जागा आणि तारीख सांगा, सरप्राइज छोटं ठेवा, म्हणजे त्या दिवशी मुंबईहून बहीण परस्पर तिथे येऊन उभी राहते असं काहीतरी.

केक कापता येतो का? बाहेरचं खाणं नेता येतं का?

बहुतेक पार्कांत बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, केकही त्यातच आला. क्रीमचा केक चिपळूणहून आपल्या दमट हवेत नेला तर वाकणपर्यंतच त्याचं पाणी होतं. हॉटेलवाल्यांना दोन दिवस आधी सांगा, ते रात्री केक देतात. बुकिंग करतानाच वाढदिवस आहे हे सांगायचं, कधी काही सवलत चालू असते, आणि आधार कार्ड जवळ ठेवायचं कारण जन्मतारखेचा पुरावा मागतात.

सकाळी खोलीतच औक्षण करा. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी हे सगळं एका छोट्या डब्यात मावतं. खोलीत धूर ओळखणारं यंत्र असतं, निरांजन त्याच्या खाली धरू नका. गाडीत खायला नारळाच्या वड्या, भाजके काजू, खाजा न्या, टिकतं. आत मासे मिळतील ह्या आशेवर राहू नका, मिळालेच तर आपल्या चवीचे नसणार, परतीच्या वाटेवर माणगाव-महाडकडे बघा. सोमवार-गुरुवार उपास असेल तर आत उपासाचं मिळेलच असं नाही, म्हणून वार ठरवताना हेही धरा.

पोरं न्यावीत का?

ज्याचा वाढदिवस आहे त्याला एकट्यात विचारा. सगळ्यांसमोर विचारलं तर कुठलीही आई न्या म्हणणार. पोरं येणार असतील तर ती दिवसभर कुणाच्या ताब्यात हे नाव घेऊन ठरवा, मामा असेल, आत्या असेल, आणि त्या माणसाने ते कबूल केलेलं असावं. नवऱ्याचा वाढदिवस असेल तर बायको पोरं बघते हे आपोआप धरलं जातं, बायकोचा असला की तेवढं आपोआप काही होत नाही, इथेच सगळा घोळ होतो. अर्धा अर्धा दिवस वाटून घ्या. बर्थडेवाला माणूस एकटाही फिरू शकतो, एका राइडवर तीनदा बसू शकतो, कोपऱ्यात चहा घेऊन तासभर नुसता बसू शकतो. त्याचा दिवस आहे.

खर्च किती आणि तो कुणी करायचा?

तिकीट दिवसाप्रमाणे, सीझनप्रमाणे बदलतं, आधी ऑनलाइन काढलं की बहुधा स्वस्त पडतं, म्हणून इथे आकडा टाकत नाही. धरायचं काय काय ते सांगते: तिकीट, गाडी किंवा ट्रेन अधिक टॅक्सी, दोन रात्रींची खोली, आतलं दोन वेळचं खाणं, लॉकर, वॉटर पार्क असेल तर कॉस्च्यूम, आणि राइडवर आपोआप निघणारा फोटो, जो विकत घ्यायचा मोह होतोच. त्या फोटोला नाही म्हणू नका, मोठ्या माणसांचे एवढे मोकळे हसतानाचे फोटो एरवी कुठे मिळतात.

आमच्या भिशीत आम्ही असं करतो की जिचं वय दहाच्या पाढ्यात बसतं तिच्या वर्षी वर्गणी थोडी जास्त, आणि तिचा सगळा खर्च सगळ्यांत वाटून. तिच्यासमोर पैशाचा विषय काढायचा नाही. नवीन कपाट, नवीन मिक्सर ह्यापेक्षा हे कुणालाही जास्त आवडेल असं माझं मत आहे, मिक्सर शेवटी घरासाठीच असतो.

रांग टाळायचा एक्सप्रेस पास घ्यावा का?

मधल्या वारी गेलात तर नको. सुट्टीतच जावं लागलं तर सगळ्यांसाठी परवडत नसेल तरी बर्थडेवाल्यासाठी आणि त्याच्यासोबत एकासाठी घ्या.

पन्नाशी आहे, जरा मोठं करूया म्हणतोय. परदेशात कुठे?

पहिल्यांदाच जात असाल तर सिंगापूर, हाँगकाँग किंवा अबूधाबी. सिंगापूरचं युनिव्हर्सल स्टुडिओज सेंटोसा बेटावर आहे, काही राइडला एकट्या माणसाची वेगळी रांग असते, ती पटापट सरकते. हाँगकाँगचं डिस्नेलँड २००५ चं, आकाराने लहान, त्यामुळे दमायला होत नाही. तिथे आत गेल्या गेल्या माहिती कक्षात सांगायचं की वाढदिवस आहे, ते वाढदिवसाचा बिल्ला फुकट देतात, तो लावून फिरलं की दिवसभर अनोळखी कर्मचारी शुभेच्छा देत राहतात. पन्नाशीच्या दादांना छातीवर बिल्ला लावायला सुरुवातीला संकोच वाटतो, दुपारपर्यंत तेच बिल्ला सरळ करून फोटो काढून घेतात. गाड्यांचं वेड असलेल्या माणसाला मात्र अबूधाबीचं फेरारी वर्ल्ड, तिथला फॉर्म्युला रोसा ताशी २४० किलोमीटरने सुटतो, डोळ्यांवर गॉगल चढवल्याशिवाय बसवत नाहीत. पार्क बहुतेक छपराखाली असल्याने उन्हाचा त्रास नाही.

पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने तरी पुढची हवी. नवीन काढायचा असेल तर नाव, जन्मतारीख सगळ्या कागदांवर एकसारखी आहे का ते आधी बघा, आपल्याकडच्या मागच्या पिढीच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख सर्रास टाकलेली असते आणि घरी वाढदिवस दुसऱ्याच दिवशी करतात. बिल्ला घरच्या तारखेला मिळतो, तिथे कुणी दाखला मागत नाही.

मी एकटी जाऊ का? घरात कुणाला हौस नाही.

जा. एकट्या माणसाला रिकामी सीट पटकन मिळते, कुणाची वाट बघावी लागत नाही. मुक्काम पार्कच्या हॉटेलातच करा, महाग पडला तरी, म्हणजे संध्याकाळी टॅक्सी शोधत बसावं लागत नाही. घरी राइडच्या वेळात फोन लागणार नाही हे सांगून ठेवा.

दुसऱ्या दिवशी रजा टाकावी का?

टाका. पोटऱ्या दुखतात, घसा बसतो, आणि चिपळूणच्या खाली जाणाऱ्यांना घरी पोचायला संध्याकाळ होते. सोमवारी ऑफिस आहे म्हणून पार्कातून दुपारी तीनलाच निघणारे लोक परेड पण सोडतात आणि अंधार पडल्यावर दिव्यांत दिसणारा कोस्टर पण. निघताना गाडीत पुढची सीट बर्थडेवाल्याला द्या, आणि त्या रात्रीचं जेवण शेजारी सांगून ठेवलेलं असू दे, पिठलं-भात चालेल.